असंगत नाटक ओळखावे कसे: पहिल्या वाचनापासून निर्णयापर्यंत

प्रयोग संपतो, दिवे लागतात आणि शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणतात, “काही कळलं नाही बुवा, ॲब्सर्ड असणार.” याच तर्काने अनेक विद्यार्थी आणि एकांकिका स्पर्धांतली अनेक परीक्षणेही एखाद्या संहितेवर शिक्का मारून मोकळी होतात. न कळणे ही प्रेक्षकाची अवस्था आहे, तर असंगतता, म्हणजेच ॲब्सर्ड असणे, हा संहितेच्या रचनेचा गुण आहे. या दोहोंची गल्लत झाली की दुर्बोध, स्वप्नमय, लोकशैलीतले किंवा केवळ फसलेले नाटकही एकाच टोपलीत जाऊन पडते.

पुढील टप्प्यांमागचे गृहीतक आधीच सांगून टाकतो. नाटक हा प्रकार प्रेक्षकाला काही वचने देत असतो: घडेल त्याला कारण असेल, बोललेले कुणापर्यंत तरी पोहोचेल, काल आलेला माणूस आज तोच असेल आणि उभा केलेला प्रश्न कुठेतरी जाऊन टेकेल. असंगत नाटक प्रेक्षकाला या वचनांवर विसंबू देते, मग ती एकेक करून मोडते, आणि का मोडली याचा खुलासा करत नाही. आपल्याला शोधायची आहे ती ही मोडतोड आणि त्या खुलाशाची अनुपस्थिती.

## तयारी

नमुना म्हणून एक निर्विवाद संहिता आधी हाताळावी आणि मगच शंकास्पद संहितेकडे वळावे. सॅम्युएल बेकेट यांचे ‘वेटिंग फॉर गोदो’ (पॅरिसमधला पहिला प्रयोग ५ जानेवारी १९५३) आणि यूजीन आयनेस्को यांचे ‘द बाल्ड सोप्रानो’ (मूळ फ्रेंच प्रयोग ११ मे १९५०) ही दोन नाटके सोयीची आहेत, कारण त्यांच्या मोडतोडीच्या जागा वेगवेगळ्या आहेत. एकाच नाटकावरून लक्षणे शिकलेला वाचक पुढे प्रत्येक नाटकात ‘गोदो’तले झाड आणि दोन भटके शोधत बसतो.

संहितेची पृष्ठक्रमांक असलेली प्रत, पेन्सिल आणि चार रकाने आखलेला कागद एवढे साहित्य पुरते. रकान्यांना घटना, बोलणे, पात्रे आणि वस्तू अशी नावे द्यावीत. ‘अर्थ’ असा पाचवा रकाना आखण्याचा मोह होतो. तो आखू नये. संहितेला जोडलेली प्रस्तावना शेवटी वाचावी. प्रस्तावनाकार बहुधा युद्धोत्तर युरोप, ईश्वराचा अभाव आणि मानवी एकाकीपण यांपासून सुरुवात करतात, आणि ते एकदा डोक्यात बसले की पानावर काय आहे ते दिसेनासे होते.

नाट्यसमीक्षक मार्टिन एसलिन यांनी १९६१ साली ग्रंथातून या प्रकाराला नाव मिळवून दिले हे ठाऊक असावे, पण त्यांच्या यादीत एखाद्या लेखकाचे नाव आहे एवढ्यावरून त्याचे नाटक असंगत ठरवू नये. हे लेखक एखादा जाहीरनामा काढून एकत्र आलेले नव्हते, आणि त्यांपैकी आर्थर आदामोव्ह यांनी तर पुढे ही वाट सोडून राजकीय नाटकाकडे मोर्चा वळवला. निर्णय संहितेगणिक करायचा असतो.

सावधान: एकाच वाचनात काम उरकू नये. पहिले वाचन सलग आणि खुणा न करता व्हावे, दुसरे पेन्सिल घेऊन. रंगसूचना दोन्ही वेळा वाचाव्यात. त्या गाळून वाचणारा वाचक या प्रकारातले निम्मे नाटक गाळतो.

## टप्पा १: घटनांची यादी करून ‘म्हणून’ लावून पाहावे

पहिल्या रकान्यात रंगमंचावर प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टी क्रमाने आणि कोरडेपणाने लिहाव्यात. ‘गोदो’त एस्ट्रॅगॉन आणि व्लादिमीर हे दोन भटके एका झाडाजवळ गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहतात. त्याच्या पहिल्या अंकाची यादी साधारण अशी होईल: एस्ट्रॅगॉन बूट काढण्याची खटपट करतो, व्लादिमीर येतो, झाडाला गळफास घ्यावा का याची चर्चा होते, गाजर खाल्ले जाते, पोझो दोर बांधलेल्या लकीला घेऊन येतो, लकी नाचतो आणि ‘विचार’ करतो, ते दोघे जातात, गोदो आज येणार नाही, उद्या नक्की येईल, असा निरोप घेऊन एक मुलगा येतो, रात्र होते.

आता प्रत्येक दोन नोंदींच्या मध्ये आलटून पालटून ‘म्हणून’ आणि ‘मग’ हे शब्द ठेवावेत. नेहमीच्या नाटकात ‘म्हणून’ जागच्या जागी बसतो: अपमान झाला म्हणून सूड घेतला, सूड घेतला म्हणून नाश झाला. वरील यादीत मात्र ‘मग’ एवढाच शब्द बसतो. गळफासाची चर्चा झाली म्हणून गाजर खाल्ले, असे म्हणता येत नाही. नोंदींची अदलाबदल करून पाहावी. बरीच अदलाबदल करूनही काही कोसळत नसेल, तर कार्यकारणाचा दोर सैल आहे असे टिपावे.

येथे घाईने ‘काहीच घडत नाही’ असे लिहिण्याची चूक सर्वांत जास्त होते. गोष्टी भरपूर घडतात, केवळ त्यांची बेरीज होत नाही. पँट सांभाळणारी दोरी गळफासासाठी सोडताच पँट खाली घसरते, तिघांच्या टोप्या दोघांच्या डोक्यांवरून गरगर फिरतात, माणसे पडतात आणि उठत नाहीत. प्रयोगात या जागांना लोक खळखळून हसतात. ‘काहीच घडत नाही’ असे लिहिणाऱ्याने बहुधा नाटक वाचलेले नसते, नाटकाविषयी वाचलेले असते.

तपासणी: ‘म्हणून’ सहज बसणाऱ्या जोड्या निम्म्याहून अधिक निघाल्या तर थांबून पुन्हा विचार करावा. बाह्यतः विचित्र, पण आतून चोख कारणांनी बांधलेले असे ते नाटक असू शकते. ते वेगळे काढण्याची रीत टप्पा ७ मध्ये येते.

## टप्पा २: पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवावे

मधले सर्व बाजूला सारून केवळ आरंभ आणि शेवट यांची तुलना करावी. ‘द बाल्ड सोप्रानो’ संपताना नाटक पुन्हा सुरू होते, फक्त स्मिथ दांपत्याच्या जागी मार्टिन दांपत्य बसलेले असते आणि तीच वाक्ये बोलू लागते. आयनेस्को यांच्याच ‘द लेसन’मध्ये प्राध्यापक विद्यार्थिनीचा खून करतो, मोलकरीण त्याला पोरासारखे रागावते, हा आजचा चाळिसावा खून असल्याचे कळते आणि दारावरची घंटा वाजून पुढची विद्यार्थिनी येते. ‘गोदो’मध्ये दुसरा अंक दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी घडतो; झाडाला चार-पाच पाने फुटलेली असतात, पोझो आंधळा आणि लकी मुका झालेला असतो.

या शेवटच्या तपशिलावर अंमळ रेंगाळावे. पुनरावृत्ती म्हणजे जसेच्या तसे परत येणे असे समजून विद्यार्थी ‘वर्तुळाकार रचना’ असे दोन शब्द लिहितात आणि पुढे जातात. ‘गोदो’चे दोन्ही अंक एकाच रीतीने संपतात: एक जण निघायचे का असे विचारतो, दुसरा होकार देतो आणि दोघेही जागचे हलत नाहीत. परंतु पहिल्या अंकात एस्ट्रॅगॉन विचारतो आणि व्लादिमीर होकार देतो, तर दुसऱ्यात व्लादिमीर विचारतो आणि एस्ट्रॅगॉन होकार देतो. वाक्ये तीच राहिली आणि तोंडे बदलली, त्यामुळे ती वाक्ये कुणाची होती हाच प्रश्न उभा राहतो. परत येताना काय झिजले, काय वाढले आणि काय उलटे झाले, हे तिन्ही लिहावे. चाक फिरते आहे एवढे लिहून भागत नाही.

सगळीच असंगत नाटके वर्तुळात फिरतात असेही नाही. आयनेस्को यांच्या ‘द चेअर्स’ची चाल चढत जाणारी आहे. पंचाण्णव वर्षांचा म्हातारा आणि चौऱ्याण्णव वर्षांची म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या आणत राहतात, वेग वाढतो, रंगमंच भरतो, आणि म्हाताऱ्याचा आयुष्यभराचा संदेश आता वक्ता सांगेल या भरवशावर दोघेही खिडक्यांतून उडी टाकतात. वक्ता मुका-बहिरा निघतो. येथे शेवट आहे, उत्कर्षबिंदूही आहे, पण ज्यासाठी तो उभारला ती गोष्टच जागेवर नाही.

## टप्पा ३: भाषेचा पंचनामा करावा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण या नाटकांतला मुख्य अपघात भाषेचा असतो. ‘संवाद निरर्थक आहेत’ हे वाक्य वहीत येताच खोडून टाकावे. निरर्थक संवाद असा एकच प्रकार नसतो. भाषा निरनिराळ्या रीतींनी मोडते, आणि कोणती रीत कोणत्या पानावर आहे हे सांगता आले तरच ओळख पक्की झाली असे म्हणावे.

पहिली रीत गुळगुळीत वाक्यांची आहे. आयनेस्को यांना ‘द बाल्ड सोप्रानो’ सुचले ते इंग्रजी शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकातली वाक्ये उतरवून काढताना. श्रीमती स्मिथ आपल्या नवऱ्याला आपण कुठे राहतो, आपले आडनाव काय आणि आज जेवायला काय होते हे सांगत बसतात. एकेक वाक्य तपासले तर प्रत्येक खरे आणि व्याकरणशुद्ध असते, मात्र ते त्या माणसाला सांगण्याचे काहीच कारण नसते. अशी जागा ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक वाक्यापुढे ‘हे समोरच्याला ठाऊक नव्हते का?’ असे विचारणे.

दुसरी रीत तर्काची आहे, आणि ती हमखास नजरेतून सुटते. मार्टिन पतिपत्नी एकमेकांना ओळखत नाहीत. आपण एकाच गाडीने आलो, एकाच डब्यात होतो, एकाच घरात राहतो, आपल्याला एक पांढरा आणि एक लाल डोळा असलेली मुलगी आहे, असे पुरावे जुळवत ते आपण नवरा-बायको असल्याचा निष्कर्ष काढतात. मग मोलकरीण प्रेक्षकांना सांगते की एकाच्या मुलीचा पांढरा डोळा उजवा आहे आणि दुसरीच्या मुलीचा डावा, म्हणजे सारी सिद्धता कोसळली. पुढे दाराची घंटा तीनदा वाजते आणि दारात कुणीच नसते. त्यावरून घंटा वाजते तेव्हा दारात कुणी नसते असा अनुभवसिद्ध नियम मांडला जातो, आणि चौथ्या वेळी अग्निशामक दलाचा प्रमुख उभा असतो. अशा जागी तर्क गैरहजर नसतो. तो गरजेपेक्षा जास्त आणि अगदी शिस्तीत हजर असतो. म्हणून ‘असंगत नाटकात तर्क नसतो’ हे ढोबळ विधान लिहू नये.

तिसऱ्या रीतीत ज्ञानाची भाषा स्वतःच्या वजनाखाली मोडते. लकीला डोक्यावर टोपी घालून विचार करण्याचा हुकूम दिला जातो आणि तो विरामचिन्हांशिवाय पानेच्या पाने बोलतो. हा उतारा केवळ बडबड म्हणून ओलांडू नये. त्यात विद्वत्तापूर्ण निबंधाचा सांगाडा आहे: अमुक गृहीत धरता, तमुक संशोधनावरून, कारणे अज्ञात. प्रतिपाद्य विषय ईश्वरापासून माणसाच्या झिजण्याकडे आणि तिथून दगडांकडे घसरत जातो, निष्कर्ष कधीच येत नाही, आणि टोपी काढून घेतल्यावर तो गप्प होतो. सांगाडा दिसण्यासाठी त्या उताऱ्यातील केवळ जोडशब्द अधोरेखित करावेत.

चौथी रीत शब्द आणि कृती यांच्यातल्या फारकतीची आहे. निघू म्हणणे आणि न हलणे हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. रंगसूचना गाळणाऱ्याला ती दिसतच नाही.

पाचवी रीत इंग्रज नाटककार हॅरोल्ड पिंटर यांच्याकडे सर्वाधिक स्पष्ट आहे. ‘द डम्ब वेटर’मध्ये तळघरात कामगिरीची वाट पाहणारे दोन भाडोत्री मारेकरी, बेन आणि गस, ‘किटली पेटव’ म्हणायचे की ‘गॅस पेटव’ यावरून हातघाईवर येतात. भाषा येथे शाबूत आहे, बोलणे रोजचे आहे, पण ते एकमेकांना काही सांगण्यासाठी वापरले जात नाही. वरचढ कोण हे ठरवण्यासाठी, किंवा जे विचारायचे आहे ते विचारावे लागू नये यासाठी ते वापरले जाते. पिंटर यांच्या संहितेतले पॉज आणि मौन यांच्या जागा मोजाव्यात आणि प्रत्येक जागी कोणता प्रश्न टळला ते समासात लिहावे.

सावधान: मराठी अनुवादावरून भाषेविषयी निर्णय देताना दुप्पट काळजी घ्यावी. मराठीत किटली कुणी ‘पेटवत’ नाही. चहाचे आधण ठेवतात. अनुवादकाने या भांडणासाठी मराठीतलाच एखादा वादाचा शब्दप्रयोग शोधला नसेल, तर मूळची अगदी घरगुती कटकट मराठी वाचकाला विक्षिप्त वाटेल आणि तो ती ‘निरर्थक संवाद’ या खात्यात टाकेल. विचित्रपणा मूळचा आहे की अनुवादातून शिरलेला, हे आधी पाहावे.

## टप्पा ४: पात्रांची नावे झाकून पाहावीत

एखाद्या पानावरची पात्रनामे कागदाने झाकून कोणते वाक्य कुणाचे ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. स्मिथ आणि मार्टिन यांची वाक्ये ओळखू येणार नाहीत. त्यांच्या गप्पांतल्या बॉबी वॉटसनच्या घरात तर नवरा, बायको आणि झाडून सारे नातेवाईक बॉबी वॉटसनच आहेत. व्लादिमीर आणि एस्ट्रॅगॉन मात्र बऱ्याच वेळा ओळखू येतील, कारण एकाला टोपीचा आणि विचारांचा जाच आहे, तर दुसऱ्याला बुटांचा आणि भुकेचा. तेव्हा ‘असंगत नाटकात पात्रांना व्यक्तिमत्त्व नसते’ हा सरसकट नियम चालत नाही. तपासायचे ते सातत्य: आठवण टिकते का, ओळख टिकते का, पूर्वायुष्य सांगितले जाते का आणि सांगितले तर त्यावर विश्वास ठेवता येतो का. काल निरोप आणणारा मुलगा आज आपण काल आलोच नव्हतो म्हणतो, आणि त्याला खोटे पाडायला नाटकात कोणतेही साधन ठेवलेले नाही.

## टप्पा ५: वस्तू आणि जागा वाचाव्यात, फोडू नयेत

चौथ्या रकान्यात प्रत्येक वस्तूचे रंगमंचावरचे काम लिहावे, ती कशाचे प्रतीक आहे ते लिहू नये. बेकेट यांच्या ‘एंडगेम’मध्ये हॅमचे आईबाप कचऱ्याच्या पिंपांत राहतात, हॅमला उभे राहता येत नाही आणि त्याचा सेवक क्लोव्ह याला बसता येत नाही. ‘हॅपी डेज’मध्ये विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत आणि दुसऱ्यात गळ्यापर्यंत मातीत पुरलेली आहे. पहिल्या अंकात तिला पिशवीतला दात घासण्याचा ब्रश, आरसा, छत्री वापरता येते; दुसऱ्यात पिशवी समोर असूनही हात पोहोचत नाहीत, उरतात ते डोळे आणि तोंड. ही नोंद कामाची आहे. ‘माती म्हणजे मृत्यू’ ही नोंद कामाची नाही, कारण ती लिहिल्यावर ब्रशकडे आणि छत्रीकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

वस्तूंबाबत एक खूण भरवशाची आहे. वास्तववादी नाटकात वस्तू माणसाच्या कामाला येते, असंगत नाटकात हळूहळू माणूस वस्तूच्या कामाला लागतो. ‘द डम्ब वेटर’मधला जेवण वरखाली नेणारा भिंतीतला लिफ्टसारखा कप्पा वरून मागण्या पाठवत राहतो, आणि दोन सशस्त्र मारेकरी आपल्या पिशवीतली बिस्किटे आणि चहाची पुडी त्यात मुकाट्याने भरत राहतात. मागणारा कोण हे अखेरपर्यंत कळत नाही.

## टप्पा ६: हसू आणि धास्ती एकाच ओळीत आहेत का ते पाहावे

हा टप्पा लहान आहे, पण चुकवू नये. जिथे हसू येते त्या जागांवर एक खूण आणि जिथे अस्वस्थ वाटते तिथे दुसरी खूण करावी. फार्समध्ये पहिली खूणच जवळजवळ सर्वत्र येते, शोकांतिकेत दुसरी. असंगत नाटकात दोन्ही एकाच ओळीवर पडतात: पँट घसरते ती आत्महत्येच्या तयारीत. बेकेट यांनी ‘गोदो’च्या इंग्रजी आवृत्तीला ‘ट्रॅजिकॉमेडी’ म्हटले आणि आयनेस्को यांनी ‘द चेअर्स’ला शोकात्म फार्स, हे उपशीर्षक म्हणून नुसते पाठ करण्यापेक्षा खुणा मोजून पडताळावे.

## टप्पा ७: किल्ली सापडते का ते शोधावे

येथवर लक्षणे जमली असतील. आता निर्णायक प्रश्न विचारावा: या विचित्रपणाचा उलगडा करणारी किल्ली नाटकाने स्वतः कुठे दिली आहे का? हे सगळे स्वप्न होते, नायक वेडा होता, ही सत्तेची रूपककथा आहे, हे मेल्यानंतरचे जग आहे, यांपैकी एखादे उत्तर संहितेतच असेल आणि त्या उत्तराने सारी विसंगती जागच्या जागी बसत असेल, तर ते नाटक असंगत नव्हे. ते कोडे आहे, आणि त्याला उत्तर आहे.

ज्याँ-पॉल सार्त्र यांचे १९४४ सालचे ‘नो एक्झिट’ येथे घासून पाहण्यासारखे आहे. तीन मृत माणसे नरकातल्या एका खोलीत कायमची कोंडलेली आहेत, म्हणजे परिस्थिती ‘गोदो’पेक्षाही अद्भुत. पण कोण का आले, कोणाला कशाची शिक्षा आहे आणि एकमेकांचा छळ कसा होतो, हे पात्रे उत्तम, मुद्देसूद भाषेत मांडतात. आशय जगण्याच्या निरर्थकतेजवळ जातो, पण रूप तर्कशुद्ध राहते. एसलिन यांनी अस्तित्ववादी नाटक आणि असंगत नाटक यांत फरक केला तो याच रेषेवर: पहिले निरर्थकतेविषयी बोलते, दुसरे बोलून न दाखवता तिची रचनाच उभी करते. प्रश्नपत्रिकेत दोन्ही एकत्र विचारली जातात म्हणून ती एक होत नाहीत.

आयनेस्को यांचे ‘ऱ्हिनोसेरॉस’ मात्र अवघड जागी बसते. गावातली माणसे एकामागून एक गेंडे होतात, हे निःसंशय असंगत आहे. पण नायक बेरांजे बदलत जातो आणि शेवटी शरण न जाण्याचा निश्चय करतो, आणि झुंडीच्या मागे वाहत जाण्याचे रूपक म्हणून नाटक बऱ्याच अंशी उलगडते. माझ्या मते ते असंगताच्या सीमेवरचे नाटक आहे, आणि तसेच लिहावे. प्रत्येक नाटकाला घर मिळवून देणे हे वाचकाचे काम नाही.

तपासणी: किल्ली नाटकाने दिली की आपण बाहेरून आणली, हे काटेकोरपणे वेगळे करावे. गोदो म्हणजे देव, हे उत्तर संहितेत नाही. ते मनात येणे स्वाभाविक आहे, पण त्या उत्तराने वाट पाहण्यातली अनिश्चितता नाहीशी होत असेल, तर आपण नाटक दुरुस्त करत आहोत असे समजावे.

## टप्पा ८: मराठी रंगभूमीवर हात चालवून पाहावा

मराठीत हा प्रकार अनुवादांतून आला, विजया मेहता यांच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ‘द चेअर्स’ मराठीत ‘खुर्च्या’ म्हणून सादर केले, आणि प्रायोगिक लेखकांनी त्याच्या युक्त्या आपापल्या गरजेप्रमाणे उचलल्या. म्हणूनच येथे शिक्के चुकण्याचे प्रमाण जास्त आहे. काही परिचित नाटकांवर वरचे टप्पे चालवून पाहावेत.

विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) माणसांच्या भिंतीमुळे आणि नृत्यगायनामुळे अवास्तव दिसते. टप्पा १ लावताच उत्तर मिळते: अपमान झाला म्हणून सूड, सूडासाठी मुलीचा सौदा, सौद्यामुळे सत्ता, सत्तेमुळे जुलूम, जुलमामुळे अंत. ‘म्हणून’ प्रत्येक सांध्यावर घट्ट बसतो. शैली अवास्तव आहे, रचना नाही. असंगत नाट्याशी त्याचा संबंध लावू नये.

बादल सरकार यांच्या बंगाली ‘एवम् इंद्रजित’मध्ये अमल, विमल, कमल ही एका साच्यातली माणसे आहेत, परीक्षा-नोकरी-लग्न यांचे चक्र आहे आणि नाटक सुचत नसलेला लेखकही आहे. टप्पा २ आणि ४ येथे भरभरून नोंदी देतात. पण इंद्रजित आणि लेखक या चक्राविषयी बोलतात, ते ओळखतात, शेवटी तोच दगड पुन्हापुन्हा डोंगरावर चढवण्याची शिक्षा झालेल्या ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसची आठवण काढून चालत राहण्याचे स्वीकारतात. टप्पा ७ वर हे नाटक अस्तित्ववादी बाजूला झुकते.

सतीश आळेकर यांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) चर्चेला सर्वांत उपयोगी. मेलेला भाऊराव उठून कीर्तनाच्या ढंगात बोलतो आणि जुन्याच स्मशानात जाळले जावे असा हट्ट धरतो. प्रेत बोलण्याचा खुलासा कुणी मागत नाही, देत नाही. मरणाचे सोपस्कार आणि चाळीतली नेहमीची भाषा एकमेकांत मिसळून हसू आणि धास्ती एकाच ओळीवर येतात. टप्पा ६ पूर्ण गुण देतो. दुसरीकडे, भाऊरावाला काय हवे हे स्पष्ट आहे, अडथळा स्पष्ट आहे, आणि कीर्तनाचा बाज प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे, त्यामुळे भाषा कोसळत नाही, उलट ती भलतीच समर्थ राहते. मध्यमवर्गावरचे विडंबन येथे इतके ठोस आहे की ‘असंगताची तंत्रे वापरणारी काळी सुखात्मिका’ हे वर्णन ‘असंगत नाटक’ या वर्णनापेक्षा मला नेमके वाटते. ‘बेगम बर्वे’ (१९७९) वाचताना टप्पा ७ ची खरी परीक्षा होते: बर्वे आणि दोघे कारकून यांचे स्वप्नरंजन ही किल्ली नाटक देते, पण स्वप्न कुठे संपले आणि कुणाचे होते ही सीमा पुसट ठेवते. किल्लीने कोणत्या जागा उघडतात आणि कोणत्या बंदच राहतात, त्यांची स्वतंत्र यादी करावी लागते.

स्पर्धेतल्या नव्या एकांकिकांसाठी एक अधिकची चाचणी सुचवतो. संहितेतले कोणतेही दहा संवाद काढून टाकून वाचावे. ‘गोदो’तून दहा ओळी काढल्या तर प्रतिध्वनी बिघडतो, कारण कुठली तरी ओळ पुढे उलटून येणार असते. दहा ओळी गेल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही, तर ती संहिता असंगत नसून सैल आहे. मंचावर एक दोर, एक शिडी आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी पात्रनामे असली तरी हा निष्कर्ष बदलू नये.

## टप्पा ९: निर्णय लिहावा

निर्णय एका शब्दात लिहू नये. कोणते वचन मोडले, ते कोणत्या पानावर मोडले आणि संहितेने त्याचा खुलासा दिला का, या तिन्ही गोष्टी एका विधानात याव्यात. उदाहरणार्थ: ‘दुसऱ्या अंकाच्या शेवटी पहिल्या अंकाची वाक्ये उलट तोंडी येतात, निघण्याचा निर्णय होऊनही हालचाल होत नाही, आणि न हलण्याचे कारण संहितेत कुठेही येत नाही, म्हणून येथे कृती आणि शेवट ही दोन्ही वचने मोडली आहेत.’ असे किमान तीन पुरावे, तेही वेगवेगळ्या टप्प्यांतले, जमल्याशिवाय ‘असंगत नाटक’ हा शब्द वापरू नये. एकाच टप्प्यातले पुरावे असतील तर ‘असंगत तंत्राचा वापर’ एवढेच म्हणावे. युद्धोत्तर काळ, फ्रेंच लेखक आल्बेर कामूचा १९४२ सालचा सिसिफसवरील निबंध आणि प्रस्तावनेतली माहिती या विधानानंतर यावी, आणि तीही त्या पुराव्याला धरून.

लिहून झाल्यावर नाटकाचे नाव झाकून तेथे दुसऱ्या एखाद्या असंगत नाटकाचे नाव घालून पाहावे. विधान तरीही जसेच्या तसे खरे राहत असेल, तर ते खोडून पहिल्या रकान्यातली घटनांची यादी पुन्हा काढावी.